बिनतारी दूरध्वनी आणि ऊसतोड स्थलांतर (बीड जिल्हा)

तारेऐवजी रेडिओलहरींवर चालणारी दूरध्वनी व इंटरनेट सेवा. विकसनशील देशांत ती झपाट्याने पसरली ती खांब, तांबे आणि खोदाईचा खर्च वाचतो म्हणून. बीडमध्ये आणखी एक कारण होते. तारेचा फोन घराला बांधलेला, आणि इथली अनेक घरे दसरा-दिवाळीपासून गळीत हंगाम संपेपर्यंत कुलूपबंद किंवा म्हाताऱ्यांच्या हवाली असतात.

मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, तशाच बेळगावकडच्या साखर कारखान्यांवर जातात. अशा कुटुंबाला फोन हवा तो सोबत चालणारा. नियम मात्र त्याला बराच काळ जागेवरच खिळवून होते. २००१मध्ये केंद्राने स्वस्त डब्ल्यूएलएल (वायरलेस इन लोकल लूप) सेवेला ‘मर्यादित फिरती’ची मुभा दिली, मर्यादा साधारण तालुक्याएवढ्या क्षेत्राची. म्हणजे गेवराईचा हातफोन कारखान्यावर मुका. नोव्हेंबर २००३मध्ये एकत्रित परवाने आले आणि हे कुंपण गेले. जीएसएम मोबाइल दूरवर चालत असे, पण १ मे २००३पर्यंत आलेल्या कॉलचेही पैसे पडत.

पुढची अडचण हद्दीची. दूरसंचाराच्या ‘महाराष्ट्र’ मंडळात गोवा येतो, मुंबई येत नाही. त्यामुळे बीडचे सिमकार्ड कोल्हापुरात घरचे, तर बेळगावात परके. तिथे गावाकडचा फोन उचलायलाही पूर्वी रोमिंगचा भुर्दंड पडे. बीएसएनएलने १५ जून २०१५पासून रोमिंगमधील इनकमिंग मोफत केले. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर दरयुद्ध पेटले आणि इंटरनेटही खिशात आले.

जिल्ह्याच्या आतही रेंज सारखी नाही. गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, सपाटीवर मनोऱ्याच्या लहरींना आडकाठी कमी. बालाघाटाच्या दऱ्याखोऱ्यांत डोंगरच आड येतो.

अशा ठिकाणांसाठी उपयोगी पडेल असा राज्यातला प्रयोग पालघरचा. मुंबईच्या आयआयटीत अभय करंदीकर यांच्या गटाने खामलोली परिसरातील सात गावांना दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातून इंटरनेट पोहोचवले. या लहरी झाडीतून तुलनेने सहज जातात. शिवाय भारतात जमिनीवरून प्रक्षेपण करते ते एकटे दूरदर्शन, त्यामुळे पट्टा बव्हंशी रिकामा: याच गटाच्या पाहणीत पंधरापैकी किमान बारा वाहिन्या जवळजवळ सर्वत्र मोकळ्या आढळल्या. ‘ग्राममार्ग’ या नावाने काम पुढे पंचवीस गावांत गेले आणि २०१७मध्ये त्याला मोझिलाचा पुरस्कारही मिळाला. हा विस्तार मात्र परवान्याची गरज नसलेल्या ५.८ गिगाहर्ट्‌झवर झाला. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यासाठी सरकारने परवाने दिले ते प्रयोगापुरतेच.