पान, पेढी आणि मेन्सा

ताटं स्टीलची असली तरी हाक मात्र 'पानं वाढलीत, चला' अशीच येते. केळीचं पान सणावारापुरतं उरलं, पण जेवणाला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. लॅटिनमधल्या 'मेन्सा'चीही हीच गत झाली.

मेन्सा म्हणजे मेज. आपल्याकडे 'देवः देवौ देवाः', तसं इंग्रज पोरांना शाळेत 'मेन्सा' चालवून दाखवावं लागे. चर्चिलने १९३०च्या आत्मचरित्रात आपली फजिती सांगितली आहे. संबोधनाचा अर्थ 'हे मेजा!' असा कळल्यावर त्याने मास्तरांना सांगून टाकलं, मी मेजाशी कधी बोलतच नाही. त्यावर मिळाली ती शिक्षेची धमकी.

रोमनांचं मेज आपल्या डायनिंग टेबलासारखं ठाण मांडून बसत नसे. तीन बाजूंना पलंग, त्यांवर डाव्या कोपरावर रेललेले पाहुणे आणि मधे छोटं मेज. जुन्या रिवाजात पदार्थ मांडलेलं मेजच आत आणत आणि पहिली वाढ संपली की उचलून नेत. म्हणून 'मेन्सा प्रिमा' म्हणजे मुख्य जेवण आणि 'मेन्सा सेकुंदा', म्हणजे दुसरं मेज, हे फळं आणि गोडधोड.

मेजाची सर्वांत छान गोष्ट रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्यात आहे. ट्रॉयहून परागंदा झालेल्यांना शाप असतो: भुकेने तुमच्यावर मेजं खायची पाळी येईल. इटलीच्या किनाऱ्यावर ते गव्हाच्या चपट्या भाकऱ्यांवर फळं ठेवून खातात, पोट भरत नाही, मग खालच्या भाकऱ्याही संपवतात. त्यांचा नायक इनीअस, त्याचा मुलगा थट्टेत म्हणतो, आपण तर मेजंही खाल्ली! शाप खरा झाला, तोही फुकटात. हातावरच्या भाकरीवर पिठलं घेऊन बांधावर जेवलेल्याला हा विनोद समजावून सांगायला नको.

पुढे श्रीमंती आली तशी मेजांची हौस वेडापर्यंत गेली. उत्तर आफ्रिकेतल्या अॅटलास पर्वतातल्या एका सुगंधी झाडाच्या गाठींपासून मेजांचे पृष्ठभाग बनत. सिसरोने असं एक मेज ५ लाख सेस्टर्सना घेतलं, असं रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो. सीझरच्या शिपायाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता, म्हणजे साडेपाचशे वर्षांची चाकरी एका मेजात! बायकांना मोत्यांवरून टोमणा मारला की त्या नवऱ्याच्या मेजांकडे बोट दाखवीत, हेही प्लिनीच नोंदवतो.

सराफाचा गल्लाही मेन्साच. इ.स.पू. ३५२ मध्ये रोममध्ये कर्जबाजारीपणा माजला, तेव्हा सरकारने 'मेन्सारी' म्हणून पाच जण नेमले. त्यांनी भर चौकात मेजं मांडून कर्जांचा निकाल लावला. ग्रीकमध्ये तर 'त्रापेझा' म्हणजे मेज आणि आजची बँकही. आपली 'पेढी' तरी कुठून आली? 'पीठिके'तून, बसायच्या आसनातून. पैसा कुठेही गेला तरी त्याला टेकायला काहीतरी सपाट लागतं.

मेन्साचं स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये 'मेसा' झालं. गोव्यातलं 'मेज' तिथूनच आलं असं मानतात. मराठी मेजाला मात्र पुष्कळ कोश फारसी ठरवतात. या वादात मी पडत नाही. स्पॅनिश लोकांनी माथा सपाट असलेल्या डोंगरांनाही मेसा म्हटलं, आणि पाचगणीच्या पठाराला 'टेबललँड' म्हणताना आपणही तेच केलं. केप टाउनच्या टेबल माउंटनवरून तर फ्रेंच खगोलज्ञ लकाय याने अठराव्या शतकात एका तारकासमूहाला नाव दिलं. तो इतका दक्षिणेला आणि इतका फिका, की आपल्याकडून न दिसल्यातच जमा.

जर्मनीत शिकायला गेलेली आपली मुलं दुपारी 'मेन्सा'त जेवतात. तिकडे विद्यापीठाच्या खानावळीला तेच म्हणतात. पुण्यातल्या 'मेस'शी त्याचं नातं असेल असं वाटतं खरं, पण नाही. मेस हा शब्द 'पाठवलेलं' अशा अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन शब्दातून आला, म्हणजे मूळचा अर्थ स्वयंपाकघरातून बाहेर पाठवलेली वाढ.