‘ओ’ गटाच्या प्लाझ्मात ‘फॅक्टर आठ’ कमी

रक्तदात्याचा गट केवळ रुग्णाशी जुळविण्यापुरता महत्त्वाचा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हिमोफिलिया ‘ए’च्या रुग्णाला चढविल्या जाणाऱ्या क्रायोप्रेसिपिटेटच्या पिशवीत औषध किती, हेही काही अंशी त्याच गटावर ठरते.

रक्त गोठविणारा ‘फॅक्टर आठ’ रक्तात एकटा फिरत नाही. ‘व्हॉन विलेब्रँड’ हे मोठे प्रथिन त्याला वाहून नेते आणि अकाली नष्ट होण्यापासून वाचविते. ‘ए’ व ‘बी’ गटांची ओळख ठरविणाऱ्या शर्करा या वाहक प्रथिनावरही असतात. ‘ओ’ गटात त्या नसल्याने हे प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होते. वाहक कमी, म्हणून फॅक्टर आठही कमी. अमेरिकेत अकराशेहून अधिक दात्यांच्या तपासणीवर आधारित १९८७ च्या अभ्यासात या प्रथिनाची सरासरी पातळी शंभर मिलिलिटरमागे ‘ओ’ गटात सुमारे ७५ युनिट, ‘ए’मध्ये १०६, ‘बी’मध्ये ११७, तर ‘एबी’मध्ये १२३ आढळली. डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधलेल्या दुर्मिळ ‘बॉम्बे’ गटात ती ‘ओ’पेक्षाही खाली असते.

गोठविलेला प्लाझ्मा एक ते सहा अंश सेल्सिअसला सावकाश वितळविला, की तळाशी जो साका उरतो तेच क्रायोप्रेसिपिटेट. एका पिशवीत किमान ८० युनिट फॅक्टर आठ असावा, असा रूढ निकष आहे. पंचवीस किलो वजनाच्या मुलाच्या सांध्यातील रक्तस्राव थांबविण्यास सुमारे ५०० युनिट लागतात. पिशवीत १०० युनिट असतील तर पाच पिशव्या पुरतात. ८० असतील तर सात लागतात. प्रत्येक पिशवी निराळ्या दात्याची, आणि क्रायोवर विषाणू नष्ट करणारी प्रक्रिया सहसा होत नाही. त्यामुळे वाढीव दोन पिशव्या म्हणजे संसर्गाच्या दोन वाढीव शक्यता.

मात्र गट म्हणजे मोजमाप नव्हे. ‘ओ’ गटाच्या एखाद्या दात्यात ‘ए’ गटाच्या दात्यापेक्षा अधिक फॅक्टर असू शकतो. प्लाझ्मा गोठविण्यास झालेला विलंबही पातळी घटवितो. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात क्रायो दिले जाते ते फायब्रिनोजेनसाठी, तेथे हा फरक गौण ठरतो. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून बनणाऱ्या फॅक्टर आठच्या कुप्यांवर तर युनिट छापलेलेच असतात. प्रश्न उरतो तो अशी कुपी वेळेवर न मिळालेल्या रुग्णाचा.