तुळिंजच्या मातीत काय शोधायचं? सोपाऱ्याच्या स्तूपाकडून शिकण्यासारखं

संशोधनासाठी विषय शोधणारे बरेच विद्यार्थी म्हणतात, "आमच्या भागात तर काहीच नाही." म्हणून आज मुद्दाम तुळिंज घेऊ. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की चाळी, इमारती, रिक्षा आणि गर्दी. इतिहासाच्या पुस्तकात या नावाला सहसा जागा मिळत नाही. पण रूळ ओलांडून पश्चिमेला गेलं की सोपारा गाव लागतं, आणि तिथे एक बौद्ध स्तूप आहे. हेच प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा 'सुप्पारा' असा उल्लेख येतो.

हा स्तूप उजेडात कसा आला, ते नीट पाहण्यासारखं आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एप्रिल १८८२ मध्ये इथल्या एका टेकाडावर उत्खनन केलं. गावकरी त्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. आता या नावाकडे बघा. स्तूपाची आठवण लोकांमध्ये उरली नव्हती, पण हे टेकाड निसर्गाचं नाही, कुणीतरी बांधलेलं आहे, हे त्या 'कोट' शब्दात टिकून होतं. बुरूड म्हणजे टोपल्या, सुपं विणणारे. संस्कृतात शूर्प म्हणजे सूप. मग शूर्पारक आणि बुरूड राजा यांचा काही संबंध असेल का? मोह होतो खरा! पण इथेच थांबायचं. हे गृहीतक म्हणून वहीत लिहायचं, निष्कर्ष म्हणून नाही.

स्तूपाच्या मध्यभागी विटांच्या कोठीत दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक ठेवलेले तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक होते, सोन्याची फुलं होती आणि भिक्षापात्राचे तुकडे होते. भोवती आठ कांस्यमूर्ती होत्या. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही स्तूपातून मिळालं. यज्ञश्री दुसऱ्या शतकातला, तर मूर्ती शैलीवरून साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे स्तूप एकदा बांधून विसरला गेलेला नाही. कित्येक शतकांनी तो पुन्हा उघडून त्यात नव्यानं पूजेच्या वस्तू ठेवल्या गेल्या असाव्यात. हा तर्क आपण करू शकतो, कारण कुठली वस्तू कुठे मिळाली हे भगवानलालांनी लिहून ठेवलं. त्याच मूर्ती आणि तेच नाणं बाजारात सुटे सुटे मिळाले असते, तर ही कथा कायमची गेली असती.

त्याच वर्षी सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजानं विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचं सांगणारा हा लेख. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला अशोकाच्या आणखी एका लेखाचा तुकडा मिळाला. थोडक्यात, प्राचीन सोपारा त्या एका टेकाडापुरतं नव्हतं.

आणि खरी अडचण इथेच सुरू होते. प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. त्यापलीकडे जेसीबी पाया खणतो तेव्हा त्या मातीत काय होतं हे बघायला सहसा कुणी नसतं. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, पण तो दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तरच जिल्हाधिकाऱ्यांना कळवा म्हणतो. खापराच्या तुकड्याची बाजारात किंमत काय? शून्य. वस्तीचा काळ ठरवताना मात्र पुरातत्त्वज्ञ सगळ्यात आधी खापरंच बघतात. कायद्याच्या दोन्ही जाळ्यांतून नेमका आपल्या कामाचा पुरावा निसटतो.

मग वाचवायचं कुणी? तिथे राहणाऱ्यांनीच, दुसरं कोण? बुद्धपौर्णिमेला स्तूपावर लोक जमतात, वंदना होते. जिथे माणसांचा वावर असतो तिथे कुणी विटा काढून नेऊ लागलं तर लगेच लक्षात येतं. गावातला वीरगळ शेंदूर लावून पुजला जातो, म्हणून तो टिकतो. पण तोच उचलून नव्या देवळाच्या आवारात नेला, की दगड वाचतो आणि जागा हरवते. लोकांना यात दोष देऊ नका. 'आधी कुठे होता?' एवढं विचारा आणि लिहून घ्या. खाडीपलीकडे साष्टीत मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आणि साठये महाविद्यालय यांच्या सर्वेक्षणात हेच झालं. विद्यार्थी गावोगावी फिरले, लोकांशी बोलले आणि वीरगळ, गधेगळ, देवळांचे अवशेष नोंदवत गेले.

तुम्हाला तुळिंजमध्ये असं काम करायचं असेल तर स्वतः खणायचं नाही, हा पहिला नियम. विनापरवाना उत्खनन हा गुन्हा आहे. जुने पाडे, तळी, विहिरी, टेकाडं यांची नावं वयस्कर माणसांकडून मिळवा. पाया खणताना काही दिसलं तर मालकाची परवानगी घेऊन, मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जमिनीपासूनची खोली, तारीख, अक्षांश-रेखांश लिहा. वस्तू खिशात घालू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, चोर तुमच्याआधी पोचतात. दप्तरं शोधताना लक्षात ठेवा, पालघर जिल्हा २०१४ चा आहे. जुनं सगळं 'ठाणे' आणि 'बेसीन' या नावांखाली मिळेल.

एवढं करून हाती फक्त दहा-बारा नोंदी आणि 'अवशेष आढळले नाहीत' असा शेरा आला तर? तरीही तो प्रबंधात लिहा. कुठे बघितलं आणि तिथे काय नव्हतं, हेसुद्धा पुढच्या अभ्यासकाला हवंच असतं. पाया एकदा भरला की ते पुन्हा तपासता येत नाही.