एका बटणाचा वनवास

संगणकाच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटेसे बटण असे. त्यावर ‘स्टार्ट’ असे लिहिलेले असे. पुढे अक्षरे गेली, त्यांच्या जागी गोल चिन्ह आले, पण जागा बदलली नाही. १९९५ पासून २०१२ पर्यंत, सतरा वर्षे ते तिथेच होते. मग मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते काढून टाकले आणि जगभरातून अशी ओरड झाली की, या बलाढ्य कंपनीला पाऊल मागे घ्यावे लागले. एवढ्याशा बटणासाठी एवढे रामायण का घडले, हे समजून घ्यायचे तर आधी ते बटण आले कुठून, हे पाहिले पाहिजे.

१९९२ साली विंडोज ३.१ ही प्रणाली बाजारात आली. तिच्यात चित्रे होती, चौकटी होत्या, माऊस होता; पण नवख्या माणसाची त्रेधा उडत असे. एका चौकटीवर दुसरी उघडली की, खालची नाहीशी झाली असे त्याला वाटे. लागोपाठ दोनदा टिचकी मारणे त्याला जमत नसे. मुख्य म्हणजे, सुरुवात कुठून करायची हेच कळत नसे. पुढच्या आवृत्तीची आखणी करताना कंपनीने साध्या माणसांना संगणकासमोर बसवले आणि ती कुठे अडतात ते पाहिले. त्या निरीक्षणातून दोन गोष्टी जन्माला आल्या : उघडलेले सारे काम दाखवणारी तळाची पट्टी आणि ‘इथून सुरू करा’ असे सांगणारे बटण.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ विक्रीला आली. जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे ‘स्टार्ट मी अप’ हे गाणे घेतले होते. संगणक बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबावे लागते, याची लोकांनी भरपूर थट्टा केली, पण बटण मात्र आपलेसे केले. आपल्याकडे २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो लोक संगणक शिकले. त्यांत विद्यार्थी होते, तसेच निवृत्तीला आलेले सरकारी कर्मचारीही होते. वहीत पायऱ्या लिहून घ्यायच्या आणि त्या घोकायच्या, असे ते शिक्षण. त्यातल्या कितीतरी पायऱ्यांची सुरुवात या बटणापासून होई.

मग कंपनीला दुर्बुद्धी का सुचली? खरे तर तिची भीती अनाठायी नव्हती. २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला, २०१० मध्ये आयपॅड आला. बोटाने पडदा सरकवण्याची सवय जगाला लागत होती. आपण मागे पडणार, या धास्तीने मायक्रोसॉफ्टने ठरवले की, टॅबलेट आणि टेबलावरचा संगणक या दोघांना एकच रूप द्यायचे. विंडोज विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांच्या नेतृत्वाखाली विंडोज ८ तयार झाली आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती बाजारात आली.

संगणक सुरू करताच रंगीत चौकोनी फरशांनी भरलेला पडदा समोर येई. जुना पडदा एका फरशीमागे दडलेला. बटण गायब. संगणक बंद करायचा तर माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, मग बाहेर येणाऱ्या पट्टीवरचे ‘सेटिंग्ज’ दाबायचे, मग ‘पॉवर’ आणि मग ‘शट डाऊन’. कोपऱ्यात काही दडले आहे, याची खूण पडद्यावर कुठेच नव्हती. बोटाने चालवायच्या यंत्रावर ही रचना सुटसुटीत होती. पण बहुतेकांच्या टेबलावर माऊस आणि कीबोर्डच होता.

कंपनीचे म्हणणे असे की, वापराच्या नोंदी पाहा. लोक नेहमीचे कार्यक्रम तळाच्या पट्टीवर लावून ठेवतात, स्टार्टचा वापर कमी होत चालला आहे. नोंदी खऱ्या असतील. पण क्वचित लागते म्हणून एखादी वस्तू निरुपयोगी ठरत नाही. दिवे गेल्यावरच आपल्याला मेणबत्ती आठवते. म्हणून ती कोणी घराबाहेर टाकत नाही. वाट चुकल्यावर जिथे परत यायचे, ते ठिकाण म्हणजे हे बटण होते. किती वेळा दाबले हे यंत्र मोजू शकते. त्याच्या भरवशावर माणूस किती निर्धास्त होता, हे त्याला मोजता येत नाही.

लोकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी आपापले मार्ग शोधले. ‘क्लासिक शेल’ नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम जुना मेनू परत आणून देई. ‘स्टार्ट ८’ हा त्यासारखाच कार्यक्रम लोकांनी पाच डॉलर मोजून घेतला. म्हणजे जे आधी फुकट होते, त्यासाठी लोक पदरचे पैसे खर्च करू लागले. असंख्य कार्यालये विंडोज ७ वरच थांबली. २०१३ च्या पहिल्या तिमाहीत जगातील वैयक्तिक संगणकांची विक्री आदल्या वर्षीच्या मानाने १३.९ टक्क्यांनी घटल्याचे आयडीसी या संस्थेने सांगितले. टॅबलेटची स्पर्धा हे कारण होतेच. पण विंडोज ८ ने बाजाराला हातभार लावण्याऐवजी त्याची गती मंदावली, असा ठपकाही या संस्थेने ठेवला. सिनॉफ्स्की त्याआधीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, कंपनीतून बाहेर पडले होते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर बटण परतले. पण दाबले की पुन्हा त्याच फरशा! हा देखावा लोकांना पटला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली, आणि २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० मध्ये खराखुरा मेनू परत आला. फरशाही राहिल्या, पण मेनूच्या शेजारी, पाहुण्यासारख्या. बटणाचा वनवास एका वर्षात संपला. मेनूचा संपायला जवळजवळ तीन वर्षे लागली.

लोकांना नवे नकोच असते, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे. पण तो चुकीचा आहे. १९९५ चा बदलही लहान नव्हता, आणि तो लोकांनी स्वीकारला. ज्यांनी विंडोज ८ ला नाके मुरडली, त्यांतले कितीतरी जण स्पर्शाचा फोन आनंदाने वापरत होतेच. फरक एवढाच की, १९९५ च्या बदलाने वापरणाऱ्याची अडचण सोडवली होती; २०१२ च्या बदलाने कंपनी स्वतःची अडचण सोडवू पाहत होती. आणि त्याची किंमत कोणी द्यायची? तर ज्याने वही घेऊन, चुकतमाकत, चारचौघांत लाजत हे कौशल्य मिळवले होते, त्याने. ती त्याची मिळकत होती, आणि त्याला न विचारता ती रद्द झाली होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली, तेव्हा कंपनीने बटण कोपऱ्यातून उचलून तळाच्या मध्यावर आणले. पण ज्याला हवे त्याने ते पुन्हा डावीकडे न्यावे, अशी सोयही ठेवली. फरशा मेनूतून गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि पुन्हा असंख्य माणसांपुढे नवे शिकण्याची वेळ आली.

कार्यालयात नवी पद्धत आली की, कुरकुर करणारा एखादा ज्येष्ठ कर्मचारी हमखास सापडतो. त्याला जुनाट ठरवून मोकळे होण्याआधी एक प्रश्न विचारून पाहावा : या बदलाने नेमकी कोणाची अडचण दूर होते आहे? उत्तरात त्याचे नाव नसेल, तर त्याची कुरकुर ऐकून घेण्याजोगी आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)