मॅरेथॉनचा मराठी पूर्वेतिहास

मुंबईच्या वार्षिक मॅरेथॉनचा आरंभ १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाला. पुढील वर्षापासून ती जानेवारीत भरू लागली. करोनामुळे २०२१ व २०२२ साली पडलेला खंड १५ जानेवारी २०२३ रोजी संपला. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावणाऱ्यांबरोबर हजारो सामान्य नागरिक कमी अंतराच्या ‘ड्रीम रन’मध्ये उतरतात आणि सामाजिक संस्थांसाठी निधीही जमतो. नगरोत्सव म्हणून हे यश निर्विवाद आहे.

तथापि मराठी मुलखातील या परंपरेचे मूळ अधिक जुने आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. त्याही आधी, पहिल्या महायुद्धानंतर, डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले. त्यांच्याच पुढाकाराने हिंदी चमू १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेला. तेथे मॅरेथॉनमध्ये फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत अंतर कापून एकोणिसावे आले.

शास्त्रशुद्ध शिक्षणाअभावी एवढे साधले, तर शिक्षण मिळते तर काय झाले असते? या प्रश्नाचे महत्त्व ग्वाल्हेरकरांना वेगळे सांगावयास नको. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडविणारे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ साली आपल्याच नगरात स्थापन झाले. महानगरातील मॅरेथॉन वर्षातून एक सकाळ गाजते. धावपटू मात्र उरलेल्या दिवसांत, गावच्या मैदानावर, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली घडतो. चौगुल्यांचे स्मरण करावयाचे ते यासाठी.