सोंगटी उचलली, हे यंत्राला कळतं कसं?

आजचा भाग बुद्धिबळावर आहे, पण कोण जिंकलं आणि कोण हरलं यावर नाही. मोबाईलवर आपण सगळेच खेळतो, बोट लावलं की उंट सरकतो. मला बोलायचंय ते खऱ्या पटाबद्दल. लाकडी पट, हातात धरायच्या सोंगट्या, आणि तो पट कॉम्प्युटरला जोडलेला. तुम्ही घोडा उचलून दुसऱ्या घरात ठेवता आणि कॉम्प्युटरला ते कळतं. कसं कळतं? या एका प्रश्नाला अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक धागा थेट मुंबईत येतो.

सुरुवात एका फसवणुकीपासून. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळ खेळणारं यंत्र दाखवलं. पगडी घातलेला पुतळा, समोर पेटी, पेटीवर पट. लोक त्याला 'तुर्क' म्हणायचे. आत माणूस लपलेला असायचा, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण तुर्काची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. माझा प्रश्न पुढचा आहे: अंधाऱ्या पेटीत बसलेल्या त्या माणसाला वर पटावर काय चाललंय ते दिसत कसं होतं? तर सोंगट्यांच्या तळाशी लोहचुंबक होतं, आणि प्रत्येक घराखाली आतल्या बाजूने दोऱ्याला टांगलेला धातूचा छोटा तुकडा. सोंगटी घरात आली की तुकडा वर चिकटायचा, उचलली की खाली लोंबायचा. म्हणजे बघा, यंत्राचा मेंदू खोटा होता, पण पटाची जाणीव शंभर टक्के खरी होती. आपल्या भाषेत सांगायचं तर चौसष्ट सेन्सर.

१९१२ मध्ये स्पेनच्या तोरेस केवेदोने खरोखर खेळणारं यंत्र केलं, आत कुणीही न लपवता. ते पूर्ण डाव खेळायचं नाही, फक्त राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा, एवढाच शेवट. पण खेळून मात द्यायचं. १९२०च्या आसपासच्या दुसऱ्या आवृत्तीत तर पटाखालच्या चुंबकाने सोंगट्या आपोआप सरकायच्या. शंभर वर्षांपूर्वी!

आणि मग येतं १९९७. आयबीएमच्या डीप ब्लूने न्यूयॉर्कमध्ये कास्पारोवला हरवलं. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं यंत्र. त्या सामन्याचे फोटो काढून बघा. कास्पारोवसमोर एक माणूस बसलाय. पडद्यावर यंत्राची चाल आली की तो हाताने सोंगटी हलवतो, कास्पारोवने चाल केली की ती टाइप करतो. जगज्जेत्याला हरवणाऱ्या यंत्राला पटावरचं दिसतच नव्हतं. मला हा फोटो फार आवडतो.

तोवर दिसणारे पट नव्हते असं नाही. घरगुती खेळातल्या यंत्रांत घरावर सोंगटी दाबली की कळायचं, काहींत चुंबक आणि रीड स्विच. रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीतल्या दोन लोखंडी पट्ट्या; चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात, सर्किट पूर्ण होतं. आमच्या रांजणगावच्या एमआयडीसीत ज्या प्रकारची घरगुती यंत्रं बनतात, त्यातल्या वॉशिंग मशीनचं झाकण उघडं की बंद हे बऱ्याच मॉडेलांत असाच स्विच सांगतो. तुर्काच्या दोऱ्याचा नातूच म्हणा.

यात एक अडचण आहे. घर रिकामं की भरलेलं एवढंच या स्विचला कळतं. भरलेल्या घरात वजीर आहे की प्यादं, ते नाही. म्हणून प्रोग्रॅमला सुरुवातीची मांडणी पाठ ठेवावी लागते आणि उचललं, ठेवलं, उचललं, ठेवलं यावरून चाल ओळखावी लागते. मारामारी झाली की दोन सोंगट्या उठतात आणि एकच बसते. डच कंपनी डीजीटीने वेगळा मार्ग काढला. सोंगटीच्या पोटात छोटं सर्किट, प्रत्येक प्रकाराची फ्रिक्वेन्सी निराळी, आणि पटाखाली ती ऐकणाऱ्या तारा. आज मोठ्या स्पर्धांचे डाव आपण मोबाईलवर लाइव्ह बघतो ते अशा पटांमुळे. डाव संपल्यावर दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवलेले दिसतात ना? ती पटाला दिलेली खूण असते. दोन्ही पांढऱ्या घरांत असतील तर पांढरा जिंकला, काळ्या घरांत असतील तर काळा, एक इथे एक तिथे असेल तर बरोबरी.

आता मुंबई. भव्य गोहिल आणि आतुर मेहता हे दोघे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. त्यांचा स्क्वेअर ऑफ हा पट २०१६ मध्ये किकस्टार्टरवर आला आणि जगभर विकला गेला. पटाखाली दोन दिशांना फिरणारा हात, हाताच्या टोकाला चुंबक. समोरचा खेळाडू दुसऱ्या देशात असला तरी त्याची सोंगटी तुमच्या पटावर आपोआप सरकते. जाहिरातीत तो हॅरी पॉटरच्या जादूसारखा वाटतो. पण मूळ कल्पना जादूची नव्हती. दृष्टिहीनांना बुद्धिबळ खेळता यावं, इथून त्यांनी सुरुवात केली होती. पुढे तो शेकडो डॉलर किमतीचा, डोळस हौशी लोकांचा पट झाला. धंदा म्हणून मला ते समजतं. पण गोष्टीचा तो पहिला भाग सुटून जातो, त्याची चुटपुट लागते.

कारण दृष्टिहीनांचं बुद्धिबळ आपल्याकडे चांगलं रुजलेलं आहे. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः दृष्टिहीन खेळाडू. त्यांनी उभी केलेली अखिल भारतीय संघटना १९९७ पासून स्पर्धा भरवते. त्यांचा पट बघाल तर काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगटीला खाली खुंटी, आणि एका रंगाच्या सोंगट्यांवर वेगळी खूण. दोघे आपापल्या पटावर खेळतात आणि चाल तोंडाने सांगतात. आणि फिडेचा नियम ऐका. एरवी 'हात लावला की खेळलंच पाहिजे' असतं. इथे सोंगटी भोकातून बाहेर काढली की मगच तिला हात लावला असं धरतात. बोटांनी पट वाचणं म्हणजे हात लावणं नव्हे. कोडिंग करणाऱ्यांनो, हा नियम म्हणजे सेन्सरची व्याख्याच आहे की नाही?

माझ्या मामांची नजर डायबेटिसने गेली. गावात त्यांच्याशी खेळायला भिडू उरला नव्हता. मोबाईलचं बोलणारं ॲप त्यांना दिलं, तर म्हणाले, "ते बोलतंय छान रे, पण उंट कुठंय ते माझ्या बोटाला कळाया नको का?" म्हणून मी चौसष्ट रीड स्विच घेऊन पट बनवला. नियम वाचलेला असल्यामुळे भोकं आणि खुंट्या पहिल्यापासून ठेवल्या. मामा चाल करायच्या आधी पूर्ण पट चाचपतात, दोन-दोन मिनिटं. सैल सोंगट्या असत्या तर चार घसरल्या असत्या.

इथे एक पेच आहे. आपोआप सरकणाऱ्या पटाला सोंगट्या सैल लागतात. बोटांनी वाचायच्या पटाला त्या घट्ट लागतात. एकाच पटात दोन्ही बसवायचं असेल तर चाल करताना भोकं बुजली पाहिजेत, किंवा सोंगटीला तेवढ्यापुरतं उचलून न्यायला हवं. मी अजून तिथवर गेलेलो नाही. आमचा पट नुसता बोलतो, "घोडा, एफ तीन", आणि कॉम्प्युटरचा घोडा मामाच काढून नव्या घरात खोवतात. सरकणारा पट करून देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नको. त्याची सोंगटी मी हलवली की त्याचा डाव माझ्या ध्यानात राहतो."