शोकाचे लेखनिक

सिरोंच्यास प्राणहितेच्या कांठीं संध्याकाळीं बसलें असतां आम्हांस अलीकडे वारंवार यिर्मयाची आठवण होते. पलीकडच्या तीरावर काळेश्वर, जवळच गोदावरीचा संगम. आणि मनांत मात्र अडीच हजार वर्षांपूर्वींचा यरुशलेमेंतील तो ‘रडणारा संदेष्टा’.

संदेष्टा म्हटला कीं अढळ श्रद्धेची मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते. बायबलांतील चित्र तसें नाहीं. राणी ईजबेलीच्या भयानें रानांत पळालेल्या एलीयानें झुडपाखालीं बसून मरण मागितलें. योनानेंही तेंच मागितलें. यिर्मयानें तर आपल्या जन्मदिवसास शाप दिला, आणि ‘तूं मला फसविलेंस’ अशा अर्थाचा आरोप प्रत्यक्ष देवावर केला. आश्चर्य हें कीं, भाविकांनीं हे उद्गार ग्रंथांतून गाळले नाहींत.

ते जवळजवळ नष्ट झालेच होते. ख्रिस्तपूर्व ६०५ च्या सुमारास यिर्मयानें आपलीं वचनें बारूख नांवाच्या लेखनिकाकडून गुंडाळीवर उतरवून घेतलीं. पुढें हिवाळ्यांत ती गुंडाळी राजा यहोयाकीमापुढें वाचली गेली. तीनचार रकाने वाचून झाले कीं तेवढा भाग चाकूनें कापून शेगडींत टाकावयाचा, असें करीत सारी गुंडाळी जाळण्यांत आली. यिर्मयानें दुसरी गुंडाळी घेतली; बारूख पुन्हा लिहावयास बसला, आणि मजकूर पूर्वींपेक्षां वाढला. बारूखही थकून कण्हला होता. त्याचीही नोंद त्याच ग्रंथांत आहे. ख्रिस्तपूर्व ५८७–८६ च्या सुमारास राजवाडा जळाला, शब्द उरले.

मराठी वाचकांस ही कथा परकी वाटूं नये. १६३० च्या सुमारच्या दुष्काळांत तुकोबांचा व्यापार बुडाला, थोरली पत्नी अन्नावांचून गेली. पुढें त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, व तेरा दिवस ते उपाशी नदीकांठीं बसून राहिले, असें परंपरा सांगते. एकाचे शब्द अग्नींत, दुसऱ्याचे पाण्यांत. वह्या नदीनेंच परत केल्या ही श्रद्धा. परंतु अभंग उतरून घेणारे म्हणून चाकणच्या संताजी जगनाड्यांचेंही नांव परंपरेनें जपलें आहे. तुकोबांसही त्यांचा बारूख लाभला होता.

दोघांच्या दुःखांत भेद आहे. यिर्मया राष्ट्राच्या नाशासाठीं रडतो. तुकोबांची तळमळ बहुधा स्वतःच्या भेटीची आहे. पण दोघेही देवाशींच भांडतात. ज्याची आशा खरोखर संपली तो गप्प होतो. जो विलाप करतो, तो अजून कोणाकडून तरी उत्तराची अपेक्षा धरून असतो. म्हणून विलापास अश्रद्धा म्हणणें आम्हांस चुकीचें वाटतें.

याच गोदावरीवर २०१९ सालीं खालच्या अंगास मेडीगड्डा धरण उभें राहिलें. त्याच्या फुगवट्यानें शेतें बुडालीं, अशी तक्रार सिरोंचा तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं केली. २०२३ च्या ऑक्टोबरांत धरणाचे खांबच खचले, तेव्हां साऱ्या देशाचें तिकडे लक्ष गेलें. शेतकऱ्यांच्या तक्रारीकडे तितकें गेलें नव्हतें. आम्ही सुशिक्षित लोक अशा बोलण्यास सहज रडगाणें म्हणून मोकळे होतों. संदेष्टा होणें आमच्या हातीं नाहीं. परंतु शेजारच्या शेतकऱ्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत, कांहीं न गाळतां, उतरून ठेवणें हें लेखणी चालविणाऱ्या कोणासही जमण्यासारखें आहे.